हिरव्या फडक्याची फांदी

मी आपटा आहे. जुना म्हणा, म्हातारा म्हणा. खोड आतून पोकळ झाल्यापासून मला दोन्ही शब्द सारखेच शोभतात. ताडकळसच्या बाजाराला जाणाऱ्या वाटेपासून थोडं आत, काळ्या रानातल्या एका बांधावर मी उभा आहे. मित्रांनो, वर्षातून एकदा तुम्ही माझं पान हातात धरता, ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा’ म्हणता आणि मोठ्यांच्या पाया पडता. दुसऱ्या दिवशी ते पान केरात जातं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पानं मला पुन्हा येतात. माझी तक्रार वेगळी आहे आणि ती सांगायलाच आज मी तुम्हाला थांबवलं आहे.

माझं पान तुम्ही ओळखता. मधोमध दुभंगलेलं, गाईच्या खुरासारखं. पण माझी शेंग तुमच्यापैकी कोणी पाहिली आहे का? नसेलच पाहिली. ती पिकेपर्यंत कोणी झाडावर राहू दिली तर दिसणार ना!

उन्हाळ्याच्या तोंडी मला फिकट पिवळसर फुलं येतात. फुलं इतकी साधी की माशा सोडल्या तर त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. ती गळाली की शेंगा धरतात. पावसाळाभर त्या वाढतात. हिरव्या, जाडजूड, विळ्यासारख्या वाकलेल्या. दसऱ्याला त्या अजून कच्च्याच असतात. पुढं थंडी येते, माझी पानं गळून जातात, तरी शेंगा लोंबत राहतात आणि हळूहळू काळपट होतात. तेव्हा कुठं आतलं बी तयार होतं. चपटं, तांबूस काळं, नखानं दाबलं तर नख मोडेल इतकं टणक.

आणि आता माझी खरी खोड ऐका. माझी शेंग उकलत नाही. आमच्याच कुळात कांचन नावाचं झाड आहे. पान दुभंगलेलं, माझ्यासारखंच, फक्त मोठं. त्याची शेंग उन्हानं तापली की फट्कन फुटते, तिच्या दोन्ही फाका पीळ घेतात आणि बिया लांबवर उडतात. त्याला कोणाच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत नाहीत. माझी शेंग मात्र मिटलेलीच राहते. ती कोणीतरी खावी लागते. बैलानं, शेळीनं, नाहीतर रानातल्या हरणानं. शेंग पोटात गेली, बी शेणातून बाहेर पडलं, की मग त्याला अंकुर फुटतो. म्हणजे मला लेकरं व्हायची ती दुसऱ्याच्या पोटातून. हसू नका, मीही तसाच झालो आहे.

हे रान आश्रुबाच्या घरचं. त्याच्या वडिलांचा एक पांढरा बैल होता. तो कुठल्याशा शिवारात माझ्या आईची शेंग खाऊन आला आणि या बांधावर मला सोडून गेला. मी वीतभर झालो तेव्हा वडील खुरपं घेऊन मला काढायला निघाले होते. आश्रुबा तेव्हा लहान होता. तो म्हणाला, “राहू द्या की दादा, सावली व्हईल.” वडिलांनी खुरपं दुसरीकडे वळवलं. माझ्या सगळ्या आयुष्याचं मूळ त्या एका वाक्यात आहे.

सावली मी दिली. भर उन्हात खुरपणीच्या बाया माझ्याखाली भाकरी सोडत. माझी कोवळी पानं शेळ्या खात. छाटलेल्या फांद्यांची साल सोलून, भिजवून आश्रुबा तिचे दोर वळायचा. माझ्या सालीचा दोर लवकर तुटत नाही, हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. आश्रुबाची बायको लक्ष्मीबाई हिनं आपल्या लेकाला, पप्पूला, ज्या झोळीत वाढवलं ती झोळी माझ्याच दोरानं माझ्याच फांदीला बांधलेली असायची. ती सोयाबीन काढायची आणि मी लेकरू सांभाळायचो. वारा नसला तर माझी मोठी पंचाईत व्हायची, कारण वाऱ्याशिवाय मला झोका देता येत नाही.

दसऱ्याला माझा मान मोठा. पंचक्रोशीतले बाकीचे आपटे एकेक करून गेले, आणि मग सगळं गाव सीमोल्लंघनाला माझ्याकडे यायला लागलं. विष्णुपंत म्हणून निवृत्त शिक्षक आहेत, ते माझ्या बुंध्याशी पूजा सांगायचे. आश्रुबाचं घर बौद्ध. त्यांच्या घरी सोनं लुटत नाहीत. त्याच दिवशी त्यांचा स्वतःचा मोठा सण असतो. पांढरी वस्त्रं नेसून सगळे विहारात जातात. पण आपल्या बांधावर येणाऱ्यांना आश्रुबानं कधी आडकाठी केली नाही. “पानं न्या की. पानाला काय, पुन्ना येत्यात,” असं तो म्हणायचा.

त्या काळी लोक खरंच पानं नेत. हातानं खुडून, ओंजळभर. मग कधी कोयते आले ते मला कळलंच नाही. पानं खुडण्यापेक्षा फांदी तोडणं सोपं. फांदीपेक्षा अख्खा डहाळाच ओढून मोडणं सोपं. पुढं पुढं तर आदल्या दिवशी टेम्पो यायला लागला, आणि परभणीच्या बाजारात विकायला माझ्या फांद्या रचून जायला लागल्या. प्रत्येक फांदीबरोबर तिच्यावरच्या कच्च्या शेंगा जात. वर्षामागून वर्षं गेली, एकही शेंग पिकली नाही. शिवाय पिकली असती तरी खाणार कोण? बैल विकले गेले, रानात ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टर शेंगा खात नाही.

तुटलेल्या जागी जखमा राहिल्या. जखमांतून पाणी गेलं, पाण्यामागून वाळवी आली. मी आतून पोकळ व्हायला लागलो.

अशातच आश्रुबा वारला. जाण्यापूर्वी त्यानं घरी सांगून ठेवलं होतं, “माझी राख नदीत सोडू नका, आपट्याच्या बुडात घाला.” पप्पूनं कुदळीनं माझी माती उकरली. लक्ष्मीबाईनं आपल्या हातानं राख पसरली आणि वरून घागरभर पाणी ओतलं. ज्यानं मला राहू द्या म्हटलं होतं, तो आता माझ्या मुळांशी राहायला आला होता. मला रडता येत नाही. त्या वर्षी माझी पानं लवकर गळाली, एवढंच.

लक्ष्मीबाई रोज यायची. तिचं घर रानाच्या कडेला, वस्तीच्या शेवटी आहे. माझ्या शेंड्यावरून तिचं अंगण स्वच्छ दिसतं. पण तिचे गुडघे कुरकुरायला लागले. रोजचं येणं आठवड्यावर गेलं. एक दिवस तिनं माझ्या खोडावर हात मारला, आतून पोकळ आवाज आला. त्या दिवसापासून तिनं एकच ध्यास घेतला. हे झाड पडायच्या आत याचं बी आपल्या अंगणात रुजवायचं.

दसऱ्याच्या थोडं आधी विष्णुपंत पूजेची जागा बघायला आले, तेव्हा तिनं त्यांना गाठलं.

“पंत, एक बोलू का? राग येनार न्हाई ना?”

“बोला की लक्ष्मीबाई.”

“ह्यो आता लय दिस टिकत न्हाई. वाळवी पार वर चढलीया. मला ह्याचं बी पायजे. पर दरसाली शेंगा कच्च्या असतानाच फांद्या जात्यात. औंदा एक फांदी ठिवा. एकच.”

“बी कशाला हो? नर्सरीत रोपं मिळतात.”

“नर्सरीतलं रोप ह्याचं लेकरू हाय का? ह्याच्या बुडात पप्पूचा बाप हाय, पंत.”

विष्णुपंतांनी वाकून माझ्या बुंध्याला हात जोडले. मग म्हणाले, “हवी ती फांदी निवडा आणि तिच्यावर खूण करा. मी स्वतः इथं उभा राहतो. त्या फांदीला कोयता लागणार नाही.”

“मीच थांबले असते. पर त्या दिशी आमचा बी सण. विहारात जावं लागतंय.”

“तुम्ही निश्चिंत जा.”

दुसऱ्या दिवशी ती खूण बांधायला आली. खालची, शेंगांनी लगडलेली फांदी तिनं हेरून ठेवली होती. आता कोणतं फडकं बांधावं, याचा तिनं किती विचार केला म्हणून सांगू! घरात झेंड्याचं निळं कापड उरलेलं होतं, ते तिनं आणलंही होतं. पण हातात धरून ती स्वतःशीच बोलायला लागली. “निळं बांधलं तर म्हनतील, म्हातारीनं झाडावर झेंडा लावला, हक सांगायलीय. उगं भांडान नगं.” ते तिनं घडी करून परत कमरेला खोचलं. मग आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याची एक लांब पट्टी काढली. “हे बरं. झाडाच्याच रंगाचं हाय. कुनाच्या डोळ्यात खुपायचं न्हाई.” तिनं दोन गाठी मारल्या, पट्टी ओढून पाहिली आणि समाधानानं घरी गेली.

मित्रांनो, मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मलाही वाटलं, यंदा आपली एक तरी फांदी वाचली. माझा जीव त्या फांदीत गोळा झाला.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी विष्णुपंतांच्या पत्नी विमलाबाई घरात पाय घसरून पडल्या. कंबरेचं हाड मोडलं. विष्णुपंत त्यांना घेऊन परभणीच्या दवाखान्यात गेले. त्या धांदलीत फांदीचं सांगायचं राहून गेलं, आणि कोणाचंही राहिलं असतं. सणाला पुण्याहून आलेल्या त्यांच्या पुतण्याला, श्रीनिधीला, ऐनवेळी पूजा सांगायला उभं केलं. तिकडे लक्ष्मीबाई पांढरं लुगडं नेसून विहारात वंदनेला बसली होती. मला सोडवू शकणारी दोनच माणसं होती, आणि नेमक्या त्याच दिवशी ती दोघंही माझ्यापाशी नव्हती.

गाव वाजतगाजत आलं. सगळ्यात पुढं कोयता घेतलेला रंगनाथ. शेजारच्याच रानाचा मालक, तसा सरळ माणूस. त्यानं वर पाहिलं आणि थबकला.

“आरं, हे हिरवं फडकं कुनी बांधलं?”

मागून म्हातारे सूर्यभान पुढं आले. त्यांनी डोळ्यांवर हाताची सावली धरली. “हिरवं म्हंजी देवीचं. कुनाचा तरी नवस असंल. मानाची फांदी हाय ती.”

“काका मला काही बोलले नव्हते,” श्रीनिधी म्हणाला. “पण बांधलंय त्याअर्थी मानाचीच असणार. तीच आधी घेऊ या.”

मग काय झालं, ते मी कोणत्या तोंडानं सांगू? त्यांनी पायातल्या चपला काढल्या. त्या फांदीला हळदकुंकू वाहिलं. नारळ फोडला. रंगनाथनं कोयत्यालाही कुंकू लावलं आणि डोळे मिटून नमस्कार केला. मग एका घावात फांदी उतरवली. खाली पडू नये म्हणून चौघांनी ती वरच्या वर झेलली. इतक्या आदरानं मला कधी कोणी कापलं नव्हतं.

हलगीच्या तालावर ती फांदी देवीच्या देवळात गेली. तिची पानं प्रसाद म्हणून घरोघर वाटली. शेंगांचा काही उपयोग नव्हता, म्हणून त्या ओरबाडून देवळामागे हातपंपाजवळ टाकल्या. बाकीच्या फांद्याही नंतर नेहमीसारख्या गेल्याच. शेंड्याकडची तेवढी एक राहिली, कारण तिथवर कोणाचा हात पोहोचत नव्हता; पण तिला तेव्हा शेंगा धरलेल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लक्ष्मीबाई काठी टेकत आली. तिनं आधी खालची फांदी शोधली. मग ती जिथून तुटली तो पांढरा घाव पाहिला. रंगनाथ शेजारच्या रानात होता. तिनं त्याला हाक मारली.

“रंगनाथ, ही फांदी कुनी तोडली रं?”

“म्याच तोडली, आज्जी. देवीची फांदी व्हती ती. हिरवं फडकं बांधलं व्हतं की तिला.”

“ते म्या बांधलं व्हतं, बाबा. तोडू नका म्हनून.”

रंगनाथच्या हातातलं पाण्याचं भांडं तसंच राहिलं. “आमाला वाटलं...”

“वाटलं असंल. तुमची चूक न्हाई.” ती बांधावर बसली. पदरानं तोंड पुसलं. “घरातून निळं घिऊन आले व्हते. भांडान नगं म्हनून ठिवून दिलं. ते बांधलं असतं तर भांडला असता तुमी, पर फांदी ऱ्हायली असती.”

रंगनाथनं ते भांडं तिच्यापुढं धरलं.

विष्णुपंत परभणीहून आले तेव्हा त्यांना सगळं कळलं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते स्वतः लक्ष्मीबाईला घेऊन देवळामागे गेले आणि दोघांनी चिखलातून माझ्या शेंगा वेचल्या. लक्ष्मीबाईनं त्या घराच्या पत्र्यावर वाळवल्या. पण कच्ची शेंग उन्हात ठेवली म्हणून पिकत नाही; ती नुसती आक्रसते. आतलं बी सुरकुतलं होतं. तिनं तरी ते तेलाच्या जुन्या डब्यात माती भरून लावलं, सांजसकाळ पाणी घातलं, आणि शेवटी एक दिवस डबा पालथा केला. माझ्या शेंड्यावरून मला ते दिसलं. तिनं मातीत बोटं घालून काहीतरी शोधलं आणि बोटं झटकली.

मग विष्णुपंतांनी परभणीच्या एका नर्सरीतून रोप आणलं. त्यावर आपटा अशी चिठ्ठी होती. लक्ष्मीबाईनं आधी नाही म्हटलं. पण विष्णुपंतांचा चेहरा बघून तिला नाही म्हणवेना. तिनं अंगणात खड्डा केला, शेळ्यांनी खाऊ नये म्हणून भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण केलं आणि रोप लावलं. गंमत बघा, लावल्यावर तिचा जीव त्यात गुंतला. येणाऱ्याजाणाऱ्याला ती सांगायला लागली, “ह्यो पप्पूच्या बापाचा आपटा.” पप्पू परभणीला एका दुकानात कामाला आहे. तो सुट्टीला मोटारसायकलवर आला की त्यालाही आधी ते रोप दाखवायची.

मी मात्र पहिलंच पान उमललं तेव्हा ओळखलं. पान फार मोठं होतं. माझं पान आखूड, रुंद, जरा खरखरीत असतं. ते लांबट आणि मऊ होतं. चांगुणाबाई नावाची तिची एक शेजारीण आहे, तिलाही शंका आली. “अक्का, ह्याची पानं लयच मोठी हायत गं,” ती म्हणाली. त्यावर लक्ष्मीबाई म्हणाली, “नर्सरीचं खत खाल्लंय त्यानं. म्हनून माजलंय.” तिला कळत नव्हतं असं नाही. जन्मभर माझ्या सावलीत बसलेली बाई ती. तिला कळून घ्यायचं नव्हतं.

ते झाड भराभर वाढलं आणि एका उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्याला फुलं आली. मोठी, गुलाबी-जांभळी, लांबून डोळ्यात भरणारी. मग मात्र तिला कबूल करावं लागलं. कांचन होता तो. माझ्याच कुळातला, पण माझा नव्हे.

त्या दिवशी ती काठी टेकत, थांबत थांबत माझ्यापर्यंत आली. माझ्या बुडाशी टेकली आणि म्हणाली, “त्यो तुजा न्हाई रं. म्या उगंच पानी घातलं.” जरा वेळानं म्हणाली, “पर त्याचा काय गुन्हा? असू दे.” तिनं कांचन उपटला नाही. ती तशी बाईच नाही.

त्याच उन्हाळ्यात एक गोष्ट घडली. माझ्या शेंड्याजवळच्या त्या उरलेल्या फांदीवर शेंगा पिकल्या होत्या. कितीतरी वर्षांनी. मी त्या थंडीवाऱ्यात जपल्या होत्या. लक्ष्मीबाईनं त्या पाहिल्या आणि तिच्या गुडघ्यांना कुठून बळ आलं कोण जाणे. पुढच्या सुट्टीला तिनं पप्पूला ओढतच आणलं. त्यानं लांब काठीला आकडी बांधून एकेक शेंग खाली पाडली.

“आई, किती खटाटोप करायलीस? चल की परभनीला माझ्यासंगं,” तो म्हणाला.

“येते. ह्याचं बी लागू दे, मग येते. तवर मला बोलू नगंस.”

तिनं दगडावर शेंग ठेवली आणि दुसऱ्या दगडानं फोडली. बी बाहेर पडलं. तिनं ते तळहातावर घेऊन डोळ्यांजवळ नेलं. बीला सुईनं टोचल्यासारखं बारीक भोक होतं. दुसरं बी घेतलं, त्यालाही भोक. भुंग्यांनी आत अंडी घातली होती, अळ्यांनी आतला गर खाऊन टाकला होता, वरची टरफलं तेवढी टणक राहिली होती. मी ज्यांना इतकं जपलं ती नुसती रिकामी घरं होती. मित्रांनो, शेंग वेळेवर कोणाच्या पोटात गेली तर बी वाचतं. झाडावर लोंबत राहिली तर किडे आतल्या बियांचा फडशा पाडतात. माझी शेंग मिटलेली राहते, यात मी मोठी शहाणीव समजत होतो.

पप्पू एकेक शेंग फोडत गेला आणि ती एकेक बी टाकत गेली. शेवटी शेवटी तिनं बघणंही सोडलं होतं. पप्पूच म्हणाला, “आई, हे बग. हे साबूत हाय.”

एक बी. एकच. त्याला भोक नव्हतं. तिनं ते कितीतरी वेळा उलटंपालटं केलं आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं. जाताना तिनं मागं वळून माझ्याकडे पाहिलं. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीच्या चेहऱ्यावर असावं तसं हसू तिच्या चेहऱ्यावर होतं.

मृग निघाला तेव्हा तिनं ते बी कोमट पाण्यात भिजवलं आणि लावलं. कुठं लावलं? तिच्या अंगणात शेळ्यांपासून राखलेली, भुसभुशीत मातीची एकच जागा होती. कांचनाभोवतालचं काट्यांचं कुंपण. त्या कुंपणातच तिनं बी पेरलं आणि शेजारी खुणेला एक खापर ठेवलं.

आणि त्याच दिवसांत कांचनाच्या शेंगा तडकल्या. पाऊस उघडला की दुपारच्या उन्हात फट् फट् आवाज व्हायचा आणि बिया अंगणभर उडायच्या. मी तुम्हाला सुरुवातीला सांगितलं होतं ना, त्याला कोणाची गरज लागत नाही. कोंबड्यांनी खापर कधी हलवलं, कोणालाच कळलं नाही. श्रावण आला तेव्हा कुंपणात रोपांची दाटी झाली होती. सगळ्यांना दुभंगलेली पानं. लक्ष्मीबाईच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू आहे. ती वाकून बघते, पानावरून बोट फिरवते, पण तिला कळत नाही.

“ह्यातला एक तुजा हाय,” ती अंगणातून मला ओरडून सांगते. “हाय नक्की. सगळेच जगवते.”

म्हणून ती सगळ्यांना पाणी घालते.

मी शेंड्यावरून रोज पाहतो. एकेक पान पाहतो. सगळी पानं लांबट आहेत, मोठी आहेत, मऊ आहेत. माझं त्यात कोणी नाही. ते एक बी मातीत कुजलं की मुंग्यांनी नेलं, मला माहीत नाही. ते उगवलं नाही, एवढं मला माहीत आहे.

आता दसरा जवळ आला आहे. माझ्यावर तोडण्यासारखं काही राहिलेलं नाही. म्हणून गावानं ठरवलं की यंदा सोनं लक्ष्मीबाईच्या अंगणातल्या झाडाचं घ्यायचं. पानं दुभंगलेली आहेत, तेवढं लोकांना पुरतं. परवा रंगनाथ तिला विचारायला आला होता. मी त्याचं बोलणं ऐकलं.

“आज्जी, औंदा कोयता आननार न्हाई. फांदी न्हाई, शेंग न्हाई. हातानं पानं खुडू, एकेकच. म्या सगळ्यांना तंबी दिलीय.”

चांगलं झालं. गावाला अक्कल आली. मला आनंदच आहे. फक्त ती यायला हवी होती तेव्हा, माझ्या अंगावर शेंगा होत्या तेव्हा.

लक्ष्मीबाईला काल पप्पूनं पुन्हा विचारलं, आता तरी येतेस का. ती हो म्हणाली. दसरा झाला की ती जाणार आहे. जायच्या आधी तिला एक रोप निवडायचं आहे, डब्यात घालून परभणीला न्यायला. ती सकाळपासून कुंपणाशी बसली होती. शेवटी तिनं एक छोटंसं रोप दोन बोटांत धरलं, हिरव्या लुगड्याचा उरलेला तुकडा त्याला बांधला आणि माझ्या दिशेनं तोंड करून ओरडली, “ह्यो का रं? ह्योच ना तुजा?”

नेमका तेव्हाच वारा आला. मी हललो. जी दोन-चार पानं उरली आहेत तीही हलली. तिनं ते पाहिलं आणि हसली. तिला वाटलं, मी हो म्हणालो.

मित्रांनो, माझं आता फार दिवसांचं काम नाही. एखाद्या वादळात मी आडवा होईन आणि बांध रिकामा होईल. तुमच्या शिवारात माझ्या जातीचं झाड असेल तर त्याचं सोनं घ्या, पण पान घ्या. शेंगा त्याच्यापाशी राहू द्या, आणि पिकल्या की एखाद्या शेळीपुढं टाका. आणि परभणीला एखाद्या दारात डब्यात लावलेलं, हिरवं फडकं बांधलेलं झाड दिसलं, शेजारी काठी घेऊन एक म्हातारी बसलेली असली, आणि ती तुम्हाला म्हणाली की हा पप्पूच्या बापाचा आपटा, तर पान बघून तिला काही सांगू नका. हो म्हणा. मीही हो म्हणालो आहे.